चार आठवडे, चार भिंती

शस्त्रक्रियेचे इलेक्टिव्ह म्हणजे एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने आपल्या आवडीने निवडलेल्या विभागात दुसऱ्याच्या सांगण्यावरून उभे राहण्याचा काळ. 2019 पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमाने तिसऱ्या एमबीबीएसच्या पहिल्या भागानंतर यासाठी दोन महिने ठेवले. त्या अभ्यासक्रमानुसार त्यातले चार आठवडे थेट रुग्णांच्या विभागात काढायचे असत. हजेरी 75 टक्के लागते आणि लॉगबुक भरावे लागते. शस्त्रक्रिया येणे ही तिसरी अट घालण्याचा मोह अभ्यासक्रम करणाऱ्यांनी टाळला आहे.

हा काळ कुठे काढावा, यासाठी यवतमाळ जिल्हा पाहू. तालुके 16. वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्याच्या गावी, 1989 पासूनचे, गहुलीच्या वसंतराव नाईकांच्या नावाचे. अशा कोणत्याही महाविद्यालयात ऑपरेशनच्या टेबलाभोवती सर्जन, निवासी डॉक्टर आणि इंटर्न उभे राहिले की विद्यार्थ्याच्या वाट्याला त्यांच्या पाठी येतात. पाठीच्या शरीररचनेचा अभ्यास उत्तम होतो. तालुक्याच्या लहान रुग्णालयात मात्र सर्जन एक, सिस्टर एक, मामा (म्हणजे वॉर्डबॉय) एक आणि भूलतज्ज्ञ ठरल्या वारी बाहेरून येणारे. माणसे इतकी कमी की विद्यार्थीही माणसांत मोजला जातो.

इथले ऑपरेशनचे वेळापत्रक कापूस ठरवतो. हर्नियाचा रुग्ण आधी वेचणी उरकतो, मग पोट दाखवतो. हायड्रोसीलचे रुग्णही बरेच, कारण हा हत्तीरोगाचा पट्टा आहे. डासामार्फत शिरलेले कृमी लसीकेच्या वाहिन्यांत घर करतात आणि काही वर्षांनी अंडकोशात पाणी साचते. थ्रेशरमध्ये गेलेली बोटे, बैलाचे शिंग आणि गळू यांना हंगाम नसतो. विद्यार्थ्याच्या हाती पहिल्यांदा सुरी येते ती बहुधा गळूसाठीच. गळू फोडताना पू बाहेर येणे हेच यश असल्याने अपयशाला फारसा वाव राहत नाही.

त्याआधी सराव हवा. सुश्रुताने छेद घेण्याचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड आणि काकडीवर करायला सांगितला आहे. वसतिगृहात तो केळ्याच्या सालीवर आणि संत्र्यावर होतो. सुश्रुताच्या यादीत संत्रे नाही, म्हणजे तो विदर्भात आला नसावा.

ऑपरेशनची सुरुवात हात धुण्यापासून होते. बोटांपासून कोपरापर्यंत घासायचे आणि पाणी कोपरावरून गळू द्यायचे. नंतर हात छातीसमोर वर धरून आत जायचे आणि निर्जंतुक नसलेल्या कशालाही शिवायचे नाही. आयुष्यभर शांत बसलेले नाक नेमके याच वेळी खाजते. ते मास्कवरून खाजवून देण्याचे काम मामा करतात, पण त्याची नोंद लॉगबुकात होत नाही. रबरी हातमोजे ऑपरेशनच्या खोलीत आले 1889-90 च्या सुमारास. अमेरिकेतील सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांच्या परिचारिकेचे हात जंतुनाशकाने सोलवटत होते, म्हणून त्यांनी रबराच्या कंपनीकडून ते बनवून घेतले आणि पुढे तिच्याशी लग्न केले. विद्यार्थ्याला सात नंबरचे मोजे लागतात. कपाटात साडेसहा आणि आठ असतात.

यानंतर येतो रिट्रॅक्टर, म्हणजे कापलेल्या जागेच्या कडा ओढून धरण्याचे लोखंडी आकडे. नेहमीच्या वापरातला लँगेनबेक हा बर्लिनचे सर्जन बर्नहार्ड फॉन लँगेनबेक (1810–1887) यांच्या नावाचा. शिकाऊ सर्जनला रुग्णालयातच ठेवून घेऊन घडवण्याची पद्धत रुजवण्याचे श्रेयही त्यांनाच देतात. म्हणजे विद्यार्थ्याला उभे कोणी केले आणि त्याच्या हातात काय दिले, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच. रिट्रॅक्टर धरण्याच्या सूचना तीन : ‘ओढ’, ‘अजून ओढ’ आणि ‘अरे, इतकं नाही’. पाऊण तासाने मनगटाला मुंग्या येतात. धाग्याची टोके कापणे हे त्यावरचे पद. तिथे धागा एकतर लांब कापला जातो किंवा आखूड, बरोबर कापल्याची घटना ऐकिवात नाही. मे महिन्यात कूलर बंद पडून डोळ्यांपुढे अंधारी आलीच, तर विद्यार्थ्याने मागे पडावे. पुढे पडल्यास सगळे कपडे पुन्हा ऑटोक्लेव्हला जातात आणि सिस्टर बोलायच्या थांबतात. ही शिक्षा सर्जनच्या ओरडण्यापेक्षा कडक असते.

हर्नियाला बहुतेक वेळा भूल पाठीच्या कण्यात देतात. ती कमरेखाली लागते, कान पूर्ण शुद्धीवर असतात. पाठ्यपुस्तके याकडे दुर्लक्ष करतात, पण इलेक्टिव्हचा खरा परीक्षक पडद्यापलीकडे निजलेला असतो. इकडे सर्जन हर्निया उतरतो त्या जांघेतल्या वाटेबद्दल विचारतात, ‘इंग्वायनल कॅनालच्या भिंती सांग.’ विद्यार्थी पहिली सांगतो, दुसरीवर अडतो. कूलरची घरघर तेवढी ऐकू येते. मग पडद्याआडून आवाज येतो, ‘सांगून टाका ना जी साहेब, मले उशीर होऊन राह्यला.’

मोठ्या रुग्णालयात रुग्ण इतक्या हातांतून जातो की विद्यार्थ्याला त्याचा एखादाच तुकडा भेटतो. कोणाला गाठ, कोणाला एक्स-रे, कोणाला टाके. लहान रुग्णालयात ओपीडीत पोट तपासणारा, ऑपरेशनला रिट्रॅक्टर धरणारा आणि सकाळी ड्रेसिंग बदलणारा विद्यार्थी एकच असतो. लहान जागेचा हा फायदा एवढा मोठा आहे की त्यापुढे हातमोज्यांचा नंबर विसरावा. टाके सात ते दहा दिवसांनी काढतात. चार आठवड्यांच्या अशा इलेक्टिव्हमध्ये तेही काम त्याच्याचकडे येते. रुग्ण सदरा वर करून टेबलावर आडवा होतो, विद्यार्थी चिमट्याने गाठ उचलतो, खालून धागा कापतो, आणि रुग्ण विचारतो, ‘त्या भिती सापडल्या का जी?’

भिंती चार आहेत : पुढची, मागची, वरची आणि खालची. कॅनालची लांबी सुमारे चार सेंटिमीटर.