पांढरा दुष्काळ

लातूर-नांदेडकडच्या माणसानं ऐन हिवाळ्यात काश्मीर किंवा लडाखला जायचं ठरवलं, की घरातलं एक माणूस विचारतं, ‘कामून मरायला जाऊ लालाव तिकडं?’ आणि दुसरं माणूस माळ्यावरची माकडटोपी काढायला शिडी शोधू लागतं. दोघांच्याही मनात समज एकच असतो : बर्फ ही आपल्याला परकी गोष्ट आहे आणि पहिल्यांदा बर्फात निघालेला मराठवाडी माणूस हा त्या कामातला नवशिका आहे. हा समज मला मुळातच मान्य नाही. कोकणातल्या किंवा कोल्हापूरच्या माणसानं बर्फात जाण्याआधी खुशाल तयारी करावी, चार जाणत्यांना विचारावं. आपल्या माणसाची तयारी पाळण्यातच झालेली असते. कारण बर्फाळ मुलखातला हिवाळा म्हणजे पांढऱ्या रंगाचा दुष्काळ. सभोवार पाणीच पाणी रचून ठेवलेलं, आणि नळाला थेंब नाही.

लेहचंच घ्या. साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या या गावात पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पडतं. लातूरची सरासरी त्याच्या सात-आठ पट भरते. तिकडं हिमालय ढग अडवतो, इकडं सह्याद्री अडवतो, त्यामुळं डोंगरापलीकडं कोसळणाऱ्या पावसाच्या बातम्या ऐकत बसणं हा दोन्हीकडच्या शेतकऱ्यांचा पिढीजात उद्योग आहे. जानेवारीत लेहला रात्रीचा पारा शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत उतरतो, पाणी नळातच गोठतं आणि गल्लीत टँकर येतो. मुंबईचा पाहुणा इथं हॉटेलच्या खोलीत शिरतो, तोटी फिरवतो, पुन्हा फिरवतो आणि मग मॅनेजरला बोलावून भाड्याचा हिशोब मांडतो. लातूरचा पाहुणा तोटीला हातच लावत नाही. तो आधी बादल्या मोजतो, कुठल्या बादलीला झाकण आहे ते बघतो आणि टँकर किती वाजता येतो एवढंच विचारतो. तोंड धुतलेलं पाणी कशाला वापरायचं आणि भांड्यांचं दुसरं पाणी कशाला, हे त्याला सांगावं लागत नाही. उलट हॉटेलवाल्यालाच त्याच्याकडून दोन गोष्टी शिकता येतील.

यावर कुणी म्हणेल, दुष्काळात पाणी नसतं, बर्फाच्या मुलखात ते असतं, फक्त गोठलेलं असतं. दोन्ही एक कसे? आक्षेप बरोबर आहे, पण तो लातूरच्या माणसापुढं काढू नये. 2016च्या मार्चमध्ये शहरातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचं 144 कलम लावावं लागलं होतं, आणि 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची गाडी आली : दहा वाघिणी, पाच लाख लिटर, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. म्हणजे आपलंही पाणी ‘होतंच’, फक्त मिरजेला होतं. पाणी असणं आणि पाणी मिळणं यांत किती अंतर असतं, हे ज्यानं फलाटावर उभं राहून पाहिलं आहे, त्याला गोठलेल्या झऱ्याचं काय कौतुक? फरक असलाच तर पुढच्या शहाणपणात आहे. लडाखात च्यवांग नोर्फेल नावाच्या निवृत्त अभियंत्यानं हिवाळ्यात वाया जाणारं पाणी अडवून, गोठवून कृत्रिम हिमनद्या केल्या. 2013-14च्या हिवाळ्यात सोनम वांगचुक यांनी तेच पाणी उंचावरून नळीनं खाली आणून कारंज्यासारखं हवेत उडवलं. ते पडता पडता गोठत गेलं आणि बर्फाचा उभा स्तूप तयार झाला. उभ्या सुळक्याला ऊन कमी लागतं, म्हणून तो हळूहळू वितळतो आणि एप्रिल-मेमध्ये, पेरणीच्या वेळी नेमका उपयोगी पडतो. त्यांनी पाणी उभं करून ठेवलं, आम्ही रेल्वेत बसवून आणलं. मांजरा नदीच्या खोऱ्यात आम्ही ते उसातही उभं करतो, पण त्या विषयावर आमच्याकडं भरल्या ताटावर बोलत नाहीत.

स्वयंपाकघरात तर हे नातं आणखी घट्ट आहे. काश्मिरी बायका उन्हाळ्यात दुधी, वांगी, टोमॅटो चिरून दोऱ्यात ओवतात आणि घराबाहेर माळा वाळत घालतात, कारण पुढं हिवाळ्यात रस्ते बंद झाले की भाजी मिळत नाही. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये गच्चीवर जुनं धोतर अंथरून गवारीच्या शेंगा, वांग्याच्या फोडी आणि सांडगे वाळत पडतात, आणि एक नातू कावळे हाकायला बसवलेला असतो. दोन्हीकडं बाजारावर विश्वास नाही आणि दोन्हीकडं तो नसण्याला कारण आहे. राहिला प्रश्न चहाचा. लडाखात लोणी घातलेला आणि काश्मिरात गुलाबी रंगाचा, पण दोन्हीकडं खारट चहा मिळतो. साखरेनं चमचा जड व्हावा असा चहा पिणाऱ्या नांदेडकराला पहिला घोट जड जाणार हे मान्य. त्यानं चहाची आशा सोडून पातळ अंबील म्हणून प्यावा. मीठ त्यातही असतंच.

आता थंडी. आपल्याकडं पारा बारावर आला की माणसं मफलर गुंडाळून आणि कानात कापूस कोंबून शेकोटीपाशी उकिडवी बसतात, हे मी नाकारत नाही. पण परभणीच्या कृषी विद्यापीठात डिसेंबर 2018मध्ये पारा 2 अंशांवर गेला होता आणि परभणी काही हिमाचलात नाही. शिवाय काश्मिरी माणूस ही थंडी उघड्या अंगानं सोसतो असं थोडंच आहे? तो फेरनच्या आत कांगडी धरून फिरतो, म्हणजे वेताच्या विणीत बसवलेलं निखाऱ्यांचं मातीचं भांडं. त्यांची शेकोटी माणसाबरोबर चालते, आपला माणूस शेकोटी सोडून हलत नाही, एवढाच काय तो भेद. खरी अडचण हवेची आहे. लेहची हवा विरळ असते, तिची सवय आपल्या छातीला नसते, आणि डॉक्टर बजावून सांगतात की विमानातून उतरल्यावर पहिले दोन दिवस काही न करता पडून राहायचं. इथं मुंबईकर हमखास फसतो, कारण त्याला पडून राहता येत नाही. मे महिन्यातल्या त्रेचाळीस अंशांत दुकानाचं शटर अर्धं ओढून दुपारी एक ते चार गप पडण्याचा ज्याला सराव आहे, त्याला या पथ्याचा त्रास कसा होईल?

इतिहासाचे जाणकार मात्र इथं पानिपत काढतात. मराठी माणसाला उत्तरेचा हिवाळा मानवत नाही, हे 1761च्या संक्रांतीलाच सिद्ध झालं, असं त्यांचं म्हणणं. हा आक्षेप तर आपल्या अंगणातून येतो. फेब्रुवारी 1760मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला उदगीरला, म्हणजे आजच्या लातूर जिल्ह्यात, हरवलं आणि मराठवाड्यातूनच त्यांची फौज उत्तरेला निघाली. पण मार्चमध्ये निघालेली माणसं जानेवारीत तिथं पोटाला अन्न नसताना उभी होती. थंडी होतीच, पण तिच्याआधी रसद तुटली होती. त्या फौजेबरोबर तीर्थयात्रेला निघालेली हजारो माणसंही होती. मोहिमेतच यात्रा उरकून घ्यावी हा आपला जुना सोस आहे. आजही ट्रॅव्हल्सवाल्याच्या फलकावर काश्मीरच्या खाली बारीक अक्षरात वैष्णोदेवी आणि अमृतसर असतंच. तेव्हा पानिपतावरून धडा घ्यायचाच तर थंडीचा घेऊ नये, शिदोरीचा घ्यावा. ज्वारीचं पीठ बरोबर असावं, पण ताजं. विरी गेलेल्या पिठाला आधणाचं पाणी लागतं, तेव्हा कुठं भाकरी न चिरता थापता येते, आणि लेहच्या उंचीवर पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळून मोकळं होतं.

वाटेची चिंता करायचं कारण नाही. नांदेडहून जम्मूला थेट गाडी आहे, जून 2025पासून कटऱ्याहून श्रीनगरलाही रेल्वे जाते. सचखंड एक्स्प्रेसनं अमृतसरमार्गे निघालं तर वाटेत स्टेशनांवर लंगर मिळतो, फक्त ताट आपलं लागतं. ही वाट जुनीही आहे. नर्सीचे नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले ते रेल्वे नसताना. उलट बाजूनं राजौरीकडचा एक बैरागी नांदेडला गोदाकाठी मठ करून राहिला, 1708मध्ये त्याला गुरू गोविंदसिंग भेटले आणि तो बंदा बहादूर होऊन परत उत्तरेला गेला. थंड डोंगर सोडून त्यानं आधी नांदेडचं ऊन का पसंत केलं, हा प्रश्न आमच्या विरोधकांना अजून सुचलेला नाही, आणि मी तो सुचवणार नाही.

एकच आक्षेप असा आहे की ज्यापुढं मी हात टेकतो. काश्मीरचा कडक हिवाळा, चिल्लई कलान, 21 डिसेंबरला सुरू होऊन 30 जानेवारीपर्यंत चाळीस दिवस चालतो. बर्फ बघायचा तर तो याच दिवसांत. आणि मार्गशीर्षातली अमावस्या, आपली येळवस, बहुधा याच सुमाराला येते. त्या दिवशी जिल्हाधिकारी सुट्टी देतात, बाजारपेठ ओस पडते, पुण्यातला मुलगा रात्रीच्या गाडीनं गावी येतो आणि कडब्याच्या खोपीत पांडव मांडून अख्खं शिवार भज्जी-उंडे-अंबिलावर बसतं. ती सोडून बर्फ बघायला जाणारा लातूरकर अजून जन्मायचा आहे. बरं, येळवस झाल्यावर निघावं, तर हुरडा सुरू होतो. हुरडा सरतो न सरतो तोच बारावीची परीक्षा येते, आणि लातुरात परीक्षेच्या दिवसांत घराला कुलूप लावणाऱ्या आई-बापाला कुणी दारात उभं करत नाही. मग मे महिन्यात ‘नीट’ परीक्षा उरकली की सगळे एकदम मोकळे होतात, पण तोवर सोनमर्गलाही बर्फापर्यंत पोचवायचे घोडेवाला वेगळे पैसे मागतो.