अर्ध्या शहाण्याचे गाव आणि पालथी टोपली

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात, सावित्रीच्या मुखाच्या दक्षिणेस वेळास हे गाव वसले आहे. श्रीवर्धनकडून येणाऱ्या प्रवाशाला बागमांडल्याला मोटारीसकट फेरीबोटीत चढून पलीकडे वेसवीला उतरावे लागते. चाक न फिरता गाडी पुढे जाते, या चमत्काराचे फोटो काढता काढता खाडी संपते आणि जिल्हा बदलल्याचे त्याला कळतही नाही. वाटेत बाणकोटचा किल्ला लागतो. इंग्रजांनी अठराव्या शतकात तो घेतला व त्याचे नाव ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ ठेवले. राणी व्हिक्टोरियाचा जन्म १८१९ सालचा असल्यामुळे या बारशाचे श्रेय तिला देणाऱ्या प्रवाशाची पंचाईत होते.

अशीच पंचाईत वेळासलाही वाट पाहत असते. हे नाना फडणवीसांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे आणि ते खरेही आहे, कारण भानू घराणे मूळचे येथलेच. मात्र नानांचा जन्म १७४२ साली साताऱ्याला झाला, कारभार त्यांनी पुण्यात केला आणि वाडा वाईजवळ मेणवलीला बांधला. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांपैकी तलवारीत कच्चे म्हणून नाना ‘अर्धे’ ठरले, तेव्हा गावाच्या वाट्याला शहाणपणाचा नेमका किती हिस्सा येतो, हा हिशेब खुद्द फडणिशीतच सोडवावा लागेल.

गावाची रचना उत्तर रत्नागिरीच्या किनारी गावांसारखी आहे: अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे चुन्याशिवाय नुसते दगड रचून घातलेले कुंपण, आणि त्यामागे आगर, म्हणजे घराला लागून असलेली माड-पोफळीची बाग. घरातली तरणी माणसे मुंबईला चाकरीला जातात म्हणून त्यांना चाकरमानी म्हणतात. ती गणपतीला आणि शिमग्याला परततात, आणि शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते तेव्हा एरवी कुलूप दिसणारी दारेही उघडलेली असतात.

याच सुमारास दुसरी एक मंडळी परतते. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवी जिथे जन्मली त्याच भागातल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येते, म्हणजे रीतसर बाळंतपणाला माहेरी येते. फरक इतकाच, की सुमारे दीड फुटाच्या खड्ड्यात शंभरावर अंडी घालून, वर वाळू लोटून ती त्याच रात्री चालती होते. नर तर पिल्लू असताना समुद्रात शिरला की पुन्हा जमिनीवर येत नाही, त्यामुळे त्याच्यापुढे सर्वांत निष्काळजी चाकरमानीही गावाला धरून राहणारा ठरतो. पूर्वी ही अंडी माणसे आणि कोल्हे-कुत्रे मिळून फस्त करीत. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ पासून येथे संवर्धन सुरू केले, २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, आणि अंडी उचलून नेणाऱ्या गावाने ती कुंपणातल्या वाळूत पुरून राखायला आरंभ केला. पाहुण्यांची सोय घरोघरी होते. शहरी पाहुणा पडवीतल्या सतरंजीवर आडवा होतो आणि पंखा कुठे आहे हे विचारायच्या आत दुसरी सोलकढी समोर येते.

पिल्ले बाहेर पडायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. दिवस भरत आलेल्या खड्ड्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात. दोरीमागे माणसे दाटीवाटीने उभी असतात, मागच्यांची मुले खांद्यावर असतात, कासवमित्र, म्हणजे अंडी राखणारा गावकरी, वाकतो, टोपली वर जाते, आणि खाली स्वच्छ, गुळगुळीत वाळू असते. दोनशे किलोमीटर घाटरस्त्याने वाळू पाहायला आलेला माणूस अशा वेळी कासवमित्राकडे तक्रारीच्या नजरेने पाहतो, जणू अंडी त्यानेच उबवायची होती. कासवमित्राला ही नजर रोजची असल्यामुळे तो ‘संध्याकाळी बघू’ एवढेच म्हणतो. संध्याकाळी मात्र टोपलीखाली काळपट, हाताच्या पंजात मावेल एवढे एक पिल्लू वळवळत असते. पाण्यापासून काही अंतरावर त्याला सोडतात, कारण तेवढे त्याने स्वतः चालायचे असते. ते चालते, थबकते, एका पावलाच्या ठशात पडून बाहेर निघते, आणि पाण्याशी पोचताच लाट त्याला उचलून पुन्हा मागे आणून टाकते. दोरीमागून शंभर माणसे एकदम ‘अरे, अरे’ करतात. पिल्लू वळते आणि पुन्हा निघते. कासवमित्र टोपली झटकतो आणि शेजारच्या खड्ड्यावर पालथी घालतो.