ताणशास्त्री

ताणशास्त्री हा विंडसर्फिंग करणाऱ्यांतला एक पोटप्रकार असून तो सीवूड्स, नेरूळ आणि खारघरच्या सोसायट्यांत आढळतो. घराच्या खिडकीतून खाडी दिसावी अशी त्याची अट असते. खाडीत मात्र तो उतरत नाही, कारण ओहोटीला तिथे दूरवर चिखल उघडा पडतो आणि त्यावर फ्लेमिंगोंचा ताबा असतो. म्हणून रविवारी गाडीच्या टपावर बोर्ड बांधून, कंटेनरच्या रांगांतून वाट काढत तो उरणची पीरवाडी गाठतो. डोलकाठी दोन तुकड्यांत सुटत असली, तरी मंडप कुठं घालायचाय हे वॉचमन दर खेपेला विचारतो. उत्तरादाखल त्याला इतिहास ऐकावा लागतो: अमेरिकेत श्वाइत्झर आणि ड्रेक यांना या साधनाचं पेटंट १९७० साली मिळालं, आणि सिडकोही त्याच वर्षी स्थापन झाली. या दोन घटनांचा परस्परसंबंध ताणशास्त्र्याखेरीज कोणालाही जाणवलेला नाही.

किनाऱ्यावर पोचल्यावर पहिला प्रश्न शिडाच्या मापाचा. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सकाळचे मतलई वारे दुपारपर्यंत मरतात, मग खारे वारे सुरू होतात आणि तिसऱ्या प्रहरी जोर धरतात. मोबाइल म्हणतो १० नॉट. जाळं विणत बसलेले काका म्हणतात, चारनंतर बघा. ताणशास्त्री दोघांवरही विश्वास ठेवत नाही. सरासरी काढून साडेसहा चौरस मीटरचं शीड उलगडतो. वारा वाढेल या त्याच्या भीतीला इथे आधार आहे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १० नॉटचे १४ झाले की शिडावरचा भार जवळपास दुप्पट होतो.

खरी विद्या पुढेच आहे. डोलकाठीच्या बुडाशी शीड खाली ओढणारी दोरी म्हणजे डाउनहॉल. ती जास्त ताणली की डोलकाठी वाकते, शिडाच्या मागच्या कडेचा वरचा भाग सैल पडतो आणि झोताचा जादा वारा तिथून निसटतो. कमी ताणली तर जोराच्या वाऱ्यात शिडाचं पोट मागे सरकतं आणि माणूस शिडाला नव्हे, शीड माणसाला चालवू लागतं. नवशिके इथेच चुकतात. नव्या शिडाला सुरकुती पडेल या धास्तीनं दोरी पुरती ओढतच नाहीत. ताणशास्त्री याच्या दुसऱ्या टोकाचा: पाय डोलकाठीच्या बुडाला लावून, दात ओठ खाऊन तो एक सेंटिमीटर मिळवतो, चार पावलं मागे जाऊन डोळे बारीक करतो आणि अर्धा सेंटिमीटर परत देतो.

शीड धरायच्या आडव्या दांड्याच्या (बूमच्या) टोकाला बांधलेली दोरी, म्हणजे आउटहॉल, शीड सपाट करते. मंद वाऱ्यात ती थोडी सोडून शिडाला पोट आणायचं, वाढत्या वाऱ्यात ओढून घ्यायचं. बूम साधारण छाती ते खांद्याच्या उंचीवर. वारा मंद असेल तर थोडी वर, जोराचा असेल तर थोडी खाली. हे सगळं बसवेपर्यंत वारा बदलतो. मग पुन्हा डाउनहॉल. ही मालिका कोठेतरी थांबवावी लागते, हे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

पाण्यात शिरल्यावर तो उत्तम चालवतो, हे नमूद करणं न्यायाचं आहे. पण साधारण दोन फेऱ्यांनंतर तो किनाऱ्यावर परततो, कारण आउटहॉल बोटभर जास्त झालाय असं त्याला वाटतं. तोवर खारा वारा उतरणीला लागलेला असतो. 'काल वारा होता' हे वाक्य याच वेळी ऐकू येतं.

उकलताना आधी आउटहॉल, मग बूम, शेवटी डाउनहॉल. पावसाळ्यात, मासेमारीबंदीच्या जून-जुलैत, शिडं पलंगाखाली जातात आणि ताणशास्त्री दोऱ्या बदलतो. साडेपाच आणि साडेसहाच्या मध्ये सहाचं शीड हवंच, हे घरच्यांना पटवण्याचा हंगामही तोच. पटलं नाही तर तो साडेसहा एखाद्या नवशिक्याला विकतो, आणि पुढच्या रविवारी ते नीट ताणलंय का, हे बघायला जातो.