कोर्टात उबुंटू, कचेरीत कुजबुज

ऐकलंत का? अहो, आपल्या जळगावच्या कोर्टात विंडोज नाही, उबुंटू नावाचं लिनक्स चालतं म्हणे! धुळ्यातही तेच. काळ्या कोटातली एवढी गंभीर मंडळी, आणि न्यायाधीशांच्या लॅपटॉपवर फुकटातलं सॉफ्टवेअर! लायसन्सपोटी एक छदाम नाही. शिव शिव! फुकटचं ते पौष्टिक हे ठाऊक होतं, पण सरकारदरबारीसुद्धा?

बरं, हे कालपरवाचं थेर असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. ई-कोर्ट प्रकल्प 2007 चा. सुप्रीम कोर्टाच्या ई-समितीने देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांना ही वाट दाखवली, न्यायाधीशांना उबुंटूचे धडे दिले, प्रशिक्षक तयार केले. खटल्यांची नोंद ठेवणारं सीआयएस पुण्याच्या एनआयसीने मुक्त सॉफ्टवेअरवरच बांधलं. भुसावळच्या नाहीतर शिरपूरच्या दाव्याची पुढची तारीख तुम्ही मोबाईलवर बघता ना, तिचं मूळ तिथेच. तारीख पुढे ढकलली जाते त्याला मात्र उबुंटूचा इलाज नाही.

आता इतर कचेऱ्यांत हा विषय काढून बघा. ‘हाऊ काय प्रकार शे भो?’ इथपासून सुरुवात. आम्ही एमएस-सीआयटी केलं ते वर्ड-एक्सेलवर, आता म्हातारपणी त्याच्या जागी हे फुकटातलं लिब्रेऑफिस कुठे शिकायचं? तरी कोणी धीर करून जुनं परिपत्रक त्यात उघडतो. आणि काय दिसतं? मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची नि चिन्हांची खिचडी! समास सरकलेला, साहेबांच्या सहीची जागा पुढच्या पानावर एकटीच. झालं, ‘बघा, फुकटचा माल!’ खरं तर ते पत्र युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टात टंकलेलं. तो फॉन्ट नसेल तर विंडोजवरही अशीच त्रेधा उडते. पण घरातलं जुनं दुखणं नव्या सुनेच्या माथी मारायची रीतच आहे आपल्याकडे.

आणि नाकं मुरडणाऱ्यांचे खिसे तरी तपासा! त्यातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचा. पाकिटातलं आधार कार्ड? देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, म्हणजे आपल्याच खानदेशात. नंदुरबार 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं. त्या आधारची यंत्रणा उभारताना लिनक्स, मायएसक्यूएल, हडूप असा मुक्त मालच सढळ हाताने वापरला. म्हणजे सोवळं फक्त टेबलावरच्या डब्यापुरतं.

परदेशातही कमी तमाशे नाहीत. म्युनिक महापालिकेने 2003 मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं, हजारो संगणक बदलले, 2017 मध्ये पुन्हा विंडोजकडे वळायचा ठराव केला, आणि 2020 मध्ये परत मुक्त सॉफ्टवेअरचाच जप. आपल्या केरळने मात्र शाळाशाळांत हे रुजवलं, कारण त्यांनी सीडी वाटून हात झटकले नाहीत, शिक्षकांना शिकवलं. यातलं गुपित एवढंच: लायसन्स फुकट असतं, सवय फुकट नसते. वाचलेल्या पैशातून माणसं शिकवली, अडलं तर धावून येणारा एक जाणता तालुक्याला ठेवला, तरच बचत खरी. नाहीतर एक छापील पान मिळवायला अख्खी दुपार, आणि तिचा पगार सरकारी!

बरं, आता विंडोज 10 चा आधारही 14 ऑक्टोबर 2025 ला सुटला. कित्येक जुन्या डब्यांना 11 झेपत नाही. ते भंगारात घालून नवे घ्यायचे, की त्यांवरच लिनक्स चढवायचं? केंद्राचं 2015 चं धोरण तर स्पष्ट आहे: मुक्त सॉफ्टवेअरचा विचार झालाच पाहिजे, वगळलं तर कारण द्या.

मग अडतं कुठे? जवळ या, हळू सांगते. मार्चअखेर आली की निधी संपवायचा असतो, नाहीतर परत जातो. खरेदी म्हटली की टेंडर, दरपत्रकं, बिल. आणि ज्या वस्तूला बिलच नाही, तिची फाईल हलवणार कोण, भो?