सेकंड शिफ्ट आणि सुटा भाग : एक अल्पप्रबंध

टीव्हीवरील मालिकांचे शास्त्रदृष्ट्या दोनच प्रकार संभवतात : भाग चुकला तर घरात विचारून घेता येतो अशा, आणि विचारून काही उपयोग नाही अशा. पहिल्या प्रकारावर भरपूर शाई सांडली आहे. दुसऱ्याकडे विद्वानांनी फिरवलेली पाठ अक्षम्य असल्याने नगर-मनमाड रस्त्यावरच्या नागापूरला प्रमाण मानून हा प्रबंध सादर करीत आहोत.

नागापूरच का? कारण येथे एमआयडीसी आहे, एमआयडीसीत पाळ्या आहेत आणि पाळ्या फिरत्या असतात. (जिल्हा आता अहिल्यानगर झाला, सेकंड शिफ्ट सेकंडच राहिली.) ज्याची तीन ते अकरा, त्याची रात्रीची करमणूक त्या आठवड्यापुरती बुडाली.

पूर्वपक्ष असा : या गृहस्थासाठी दर वेळी नवी गोष्ट सांगणारी मालिकाच उत्तम. दूरदर्शनची 'मालगुडी डेज' (स्वामीसारख्या सलग कथांचे भाग वगळून), रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवरची 'गहिरे पाणी', बी. पी. सिंग यांची 1995 साली सुरू झालेली 'आहट'. परदेशातून दाखला हवा असेल तर बीबीसीची 'इनसाइड नंबर नाइन' घ्यावी : 2014 ते 2024, नऊ सीझन, 55 भाग, आणि जवळपास प्रत्येक भागात शिअरस्मिथ आणि पेम्बर्टन हे तेच दोघे लेखक-नट नव्या सोंगात. एक भाग हुकला म्हणून पुढचे काही अडत नाही.

हा पूर्वपक्ष रात्री साडेअकराला, गरम केलेल्या आमटीसमोर कोसळतो.

"काय दाखवलं आज?"

"एक बाई असते. ती मेलेलीच असते."

संपले. लेखकाने अठ्ठाविसाव्या मिनिटापर्यंत जिवापाड जपलेले रहस्य दुसऱ्याच वाक्यात ताटात पडले. याउलट रोजच्या मालिकेत "सासूनं चाव्या दिल्या का?" याला "नाही" एवढे उत्तर पुरते, त्यात आठवड्याचा वृत्तान्त येतो आणि उत्कंठा शाबूत राहते. 'इनसाइड नंबर नाइन'मधला 'अ क्वाएट नाइट इन' तर जवळजवळ संवादाविना आहे. तो कसा सांगणार? "कुणी काही बोललंच नाही." "मग अर्धा तास बघितलंस काय?" येथून पुढचे संभाषण प्रबंधाच्या कक्षेबाहेर जाते.

पोटप्रश्न मृत नटाचा. मागच्या आठवड्यात गेलेला इसम या आठवड्यात पोस्टमन होऊन दारात उभा राहतो. यावर आजी "हा गेला होता ना?" असे विचारतात आणि समाधानकारक खुलासा होईपर्यंत कोणाला पुढचे ऐकू देत नाहीत. आमच्या मते आजींचा आक्षेप बिनतोड आहे.

तोडगा मात्र इंग्रजांकडेच सापडतो. 'इनसाइड नंबर नाइन'च्या प्रत्येक भागात कुठेतरी एक सशाची मूर्ती ठेवलेली असते. तेव्हा कथा सांगूच नये. "आज ससा फडताळावर होता" एवढेच सांगावे. माहिती खरी, रहस्य सुरक्षित.

मराठीत सशाच्या जागी काय ठेवावे, यावर मतभेद आहेत. तांब्या सुचवला गेला, पण मराठी घरात तांब्या लपत नाही. नागापूरचे मत आठ-नऊच्या पान्याकडे झुकते. त्यावर एकच हरकत आली, तीही सेकंड शिफ्टकडून : पाना दिसला की गोष्ट राहते बाजूला आणि हा कुणी स्टोअरला जमा केला नाही, याचीच चौकशी सुरू होते.