विचारांवर पहारा : श्रद्धावंतांसाठी काही उपयुक्त सूचना

ख्रिस्ती माणसाने आपले विचार शुद्ध राखावेत, याबद्दल मंडळीत कोणाचंही दुमत नाही. ते राखायचे कसे, एवढंच कोणी सांगत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी पुढील सूचना.

प्रथम मत्तयाचं शुभवर्तमान उघडावं आणि पाचव्या अध्यायातल्या 28व्या ओवीखाली लाल पेनाने ठसठशीत रेघ ओढावी. ही ओवी वाईट नजरेबद्दल आहे. रेघ ओढताना हात वर सरकू देऊ नये. सहाच ओव्या वर, 22व्या ओवीत, भावावर रागावणाऱ्याला थेट खुनी माणसाच्या रांगेत बसवलं आहे. बांधावरून सख्ख्या भावाशी तुमचा दावा चालू असेल, तर रविवारी सकाळी ते वाचणं प्रकृतीला मानवत नाही.

मनाच्या फाटकावर सोसायटीतल्या वॉचमनसारखा वॉचमन नेमावा. पार्सल घेऊन आलेल्या पोराकडून तो नाव, नंबर, फ्लॅट, सगळं वहीत लिहून घेतो आणि पांढरा शर्ट घालून गाडीतून आलेल्याला सलाम ठोकतो. मोबाइलवर भलतं चित्र दिसलं, की असा वॉचमन शिट्टी फुंकून फोन पालथा घालायला लावेल. पण नव्या मोटारीसमोर उभं राहून चुलतभावाने ‘प्रभूची कृपा’ असं लिहून टाकलेला फोटो? तो खुशाल दोन बोटांनी मोठा करून पाहावा. मॉडेल कुठलं, हप्ता किती बसत असेल, याचा अंदाज घ्यावा. याला हेवा म्हणत नाहीत. ही आपल्या माणसाची काळजी.

ज्यांना या शास्त्रात खोलात शिरायचं असेल त्यांनी एव्हाग्रियस या साधूची ओळख करून घ्यावी. कॉन्स्टँटिनोपलमध्ये असताना एका बड्या अधिकाऱ्याच्या पत्नीत त्याचा जीव गुंतला, म्हणून त्याने शहर सोडलं आणि पुढे इजिप्तच्या वाळवंटात झोपडी करून राहिला. तिथेच 399 साली वारला. वासनेने छळलं तेव्हा ऐन थंडीत रात्रभर विहिरीच्या पाण्यात उभा राहिला, असं त्याचा शिष्य पॅलाडियसने लिहून ठेवलंय. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्यांनी हा उपाय टाळावा.

या माणसाने मनात शिरणाऱ्या विचारांचे आठ प्रकार पाडले : खादाडपणा, वासना, पैशाचा लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, बडेजाव आणि गर्व. पुढे पोप ग्रेगरीने फेरफार करून यादी सातावर आणली. आठांत वासना एकच, हे वॉचमनला कळू देऊ नये. बिचारा राजीनामा देईल.

कंटाळ्याचं भूत दिवसाच्या चौथ्या तासाला, म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास येतं, असं एव्हाग्रियस लिहितो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी रविवारची भक्तीही तेव्हाच सुरू होते. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, आणि साधू पुन्हा पुन्हा बाहेर डोकावून जेवणाची वेळ किती लांब आहे ते बघतो. पाळकसाहेबांचा उपदेश तिसऱ्या मुद्द्यावर आला असताना मटण शिजायला किती शिट्ट्या लागतील, याचा हिशेब करणाऱ्यांनी खजील होऊ नये. परंपरा सोळाशे वर्षांची आहे.

बडेजावाबद्दल मात्र या गृहस्थाने फारच अडचणीचं लिहून ठेवलंय. बाकीची जवळजवळ सगळी भुतं बडेजावाच्या भुताचा पाठलाग करतात. ती आडवी पडली, की हे निर्लज्जासारखं साधूजवळ येतं आणि त्याच्याच सद्गुणांची लांबलचक यादी त्याला वाचून दाखवतं. म्हणजे आठवडाभर फोन पालथा घातलात, तर शनिवारी रात्री याला दार उघडायची तयारी ठेवा.

ज्यांना खरोखरच पहारा ठेवायचा असेल (असेही लोक असतात), त्यांच्यासाठी त्याचं सांगणं अगदी साधं आहे. विचार मनात येणं आपल्या हातात नाही, त्याला बसायला पाट द्यायचा की नाही, हे आहे. शिवाय नुसतं हाकलून भागत नाही, उलट उत्तर द्यावं लागतं. म्हणून त्याने आठ भागांचं एक पुस्तकच केलं आणि कुठल्या विचाराला शास्त्रातलं कुठलं वचन ऐकवायचं याच्या जवळजवळ 500 नोंदी त्यात केल्या. मत्तयाच्याच बाराव्या अध्यायात झाडूनपुसून रिकाम्या ठेवलेल्या घरात अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन परततो, ते उगीच नाही.

आता राहिली घरगुती प्रार्थनासभा. मनातला कुठलाही विचार इथे स्वच्छ करून मिळतो. पद्धत अशी. आवाज खाली आणून म्हणावं, “मावशी, नुसतं प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं, बाहेर बोलू नका.” मग डोळे मिटून, “हे प्रभू, त्या पाण्याच्या टाकीजवळच्या, दुसऱ्या गल्लीतल्या, बँकेतली नोकरी गेलेल्या तुझ्या लेकराला सांभाळ.” देवाला पत्ता ठाऊक असतो, मावशींना नसतो. पुरुषांनी हेच काम वडीलजनांच्या बैठकीत करावं आणि त्याला मंडळीच्या हिताची चर्चा म्हणावं. शेवटी सर्वांनी मोठ्याने आमेन म्हणावं आणि चहा घ्यावा.

एक प्रयोग सुचवतो. पुढच्या सभेत ज्याचं नाव निघेल, तो शेजारच्याच खुर्चीवर बसलाय असं धरून प्रार्थना करा. सभा पंधरा मिनिटांत आटपेल आणि चहाही गरम मिळेल.