मर्यादेत आहे

भोर तालुक्यात, भाटघरच्या पाण्यापासून फार लांब नाही अशा जागी नानांची तीन एकर जमीन आहे. तिथे इंद्रायणी भात होतो, थोडी भाजी होते आणि जीपची दुरुस्ती होते. यातलं शेवटचं पीक बारमाही.

रिटायर होऊन गावाकडे जमीन घेणारे सगळेच काही ना काही बाळगतात. कुणी गीर गाय, कुणी मधमाश्यांच्या पेट्या. ज्याच्या कानाला इंजिनाची गोडी असते तो सेकंडहँड जीप घेतो आणि बायकोला सांगतो, "शेतीला लागतेच गं." नानांनी ती एका पोल्ट्रीवाल्याकडून घेतली. "एकहाती गाडी आहे साहेब," असं तो म्हणाला होता. आरसी बुकात त्याच्याआधी तिघांची नावं निघाली. अजूनही डॅशबोर्डामागून अधूनमधून पांढरं पीस तरंगत बाहेर येतं.

नाना पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते. धरणाच्या भिंतीतून पाणी झिरपतंच. किती झिरपतं ते मोजून वहीत लिहायचं आणि ते मर्यादेत आहे ना पाहायचं, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलं. जीपलाही तोच न्याय. इंजिनाखाली श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवलेला असतो. सकाळी चहाच्या आधी त्यातलं ऑईल मोजायचं, तारखेसह वहीत नोंदवायचं. शेवटचा रकाना शेऱ्याचा. शेरा कायम एकच: 'मर्यादेत आहे.'

स्टिअरिंगला वीतभर प्ले आहे? मर्यादेत आहे. मागचे कमानपाटे बसलेत? मर्यादेत आहेत. ब्रेक तीनदा पंप केल्यावर लागतो? "तीनदाच ना?" जेवणानंतरच्या साखरेचा रिपोर्ट आला तेव्हाही ते हेच म्हणाले, पण तिथे माईंनी डॉक्टरांचं ऐकलं.

गाडी सुरू करणं हा सोहळा असतो. आधी बॉनेट उघडून डांबरगोळ्यांची पुरचुंडी बाहेर काढायची. उंदीर वायरी कुरतडतात म्हणून ती आत टांगलेली असते. जीपला आजीच्या ट्रंकेचा वास येतो तो त्यामुळे. मग हीटर द्यायचा. तो तापेपर्यंत शेजारी बसलेला माणूस हातचा मिळतो, त्याला इतिहास ऐकावा लागतो. "ही कंपनी १९४५ साली निघाली तेव्हा नाव काय होतं? महिंद्रा अँड मोहम्मद! पुढे फाळणी झाली आणि गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली नाव बदललं, महिंद्रा अँड महिंद्रा." सेल्फ मारल्यावर इंजिन नुसतं खाकरलं तर गोष्ट गुलाम मोहम्मद गव्हर्नर जनरल होण्यापर्यंत लांबते. मला आता फाळणीनंतरचं पाकिस्तानी राजकारण बरंच पाठ झालं आहे.

तरीही सुरू झाली नाही, तर उतार. नानांनी अंगणात मुरूम टाकून खास उतार करून घेतला आहे, एकास बारा, लेव्हल लावून. गाडी नेहमी त्याच्या डोक्यावर लावायची, सेकंड टाकून सोडायची. पावसाळ्यात या उताराचं सगळं पाणी माईंच्या तुळशीपाशी जमतं.

पार्टसाठी पुण्याची वारी ठरलेली. जुना पार्ट सकाळच्या पेपरात गुंडाळून नाना पेठेत न्यायचा, चार दुकानांत सॅम्पल दाखवायचं, मिळालाच तर दोन घ्यायचे. एक गाडीला, एक "असू दे". या 'असू दे'ने पाहुण्यांची खोली भरली आहे. मी तिथे एकदा झोपलो तेव्हा उशाला क्लचप्लेट होती.

एवढं करून ती नेते काय? खताच्या दोन गोण्या. टेम्पोवाला ते भाडं किती घेतो, हे माईंना तोंडपाठ आहे. त्या बोलत नाहीत, फक्त डिझेलची पावती फ्रिजवर लावतात. भाच्याने सुचवलं होतं, "नाना, ती चार जाड टायरांची एटीव्ही घ्या, चिखलातून सुसाट जाते." नाना म्हणाले, "तिला रस्त्यावरचं पासिंग नाही. माझी पंधरा वर्षांनंतरही रीपासिंग झालेली गाडी आहे." पेन्सिल घासून काढलेला चेसिस नंबरचा छाप त्यांनी लॅमिनेट करून ठेवलाय. चिखलाचं म्हणाल, तर फोर बाय फोर टाकून नाना दरवर्षी खाचरात उतरतात आणि शेजारचा ट्रॅक्टर वायररोप घेऊन येतो. "अडकली नाही, थांबवलीय," नाना त्याला खिडकीतून सांगतात. तो मान हलवतो आणि हुक लावतो.

एकदा धरणाकडे जाताना ते सहज बोलून गेले. नोकरीभर सरकारी जीप होती, पण सुकाणू ड्रायव्हरच्या हातात. साहेबांनी डावीकडे बसायचं, मांडीवर नकाशे. घाटात तो गिअर चुकायचा, आणि साहेबांना आपलं काम नसताना बोलता यायचं नाही. हे सांगताना नानांनी स्वतःच गिअर चुकवला, पण मी डावीकडे बसलो होतो.

गेल्या दिवाळीनंतर पुण्याहून जुन्या गाड्यांचा एक शौकीन आला. त्याने जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि चांगला आकडा सांगितला. माईंनी लगेच चहा टाकला. नाना "बघा की" म्हणाले आणि त्यांनी दाखवायला सुरुवात केली. ब्रेक कसा लागत नाही, स्टिअरिंग कसं भरकटतं, दुसरा गिअर कसा उडतो, चेसिसला कुठे वेल्डिंग आहे. शेवटी ऑईलची वही आणून मागच्या तीन पावसाळ्यांचे आकडे वाचून दाखवले. शेऱ्याचा रकाना तेवढा वाचला नाही. पाहुणा चहा घेऊन गेला.

"फार घासाघीस करत होता," नाना म्हणाले.

"अहो, जाताना पाच हजार वाढवून देत होता तो!"

"तेच म्हणतो मी. गाडीतलं काही कळत नाही त्याला."